हद्दीखालची घळ

ती गावात आली तेव्हा मला त्या गावाचं काम बघून सहा वर्षं झाली होती. मी राहते संभाजीनगरला, सिडकोत. सकाळी दोन डबे भरायचे, एसटीनं वेरूळ मागं टाकून देवगाव रंगारीच्या बाजूला फाट्यावर उतरायचं आणि तिथल्या किराणा दुकानामागं ठेवलेली स्कूटी काढून गावात जायचं, हा माझा रोजचा रस्ता. तेव्हा आमच्या पदाला कृषी सहायक म्हणत. आता नाव बदललंय, काम तेच आहे.

गावामागं डोंगर आहे. माथा आणि वरचा उतार वनखात्याचा. त्याखालचा उतार शेतकऱ्यांचा, आणि तिथले बांध, समतल चर, शेततळी ही आमच्या कृषी खात्याची जबाबदारी. त्याच्याही खाली ओढा. ओढ्यातले बंधारे मृद व जलसंधारणवाल्यांचे. डोंगरावरून निघालेलं पाणी पाच मिनिटांत या तिन्ही खात्यांतून जातं. आमचा एक कागद तेवढ्या प्रवासाला महिना घेतो.

सहा वर्षांत मी त्या गावात एक गोष्ट कमावली होती. पहिल्या वर्षी पारावर उभी राहून मी सांगितलं होतं, "उताराला आडवं पेरा, माती जाग्यावर राहते." माणसं हसली होती. एकजण म्हणाला होता, "मॅडम, आडवं औत हाकून बघा एकदा, मंग सांगा." तिसऱ्या वर्षी अर्धा उतार आडवा पेरलेला होता. त्या श्रावणात मी डोंगराच्या पायथ्याशी उभी राहून मक्याच्या आडव्या ओळी बघितल्या आणि मला वाटलं, हे माझं आहे. सातबाऱ्यावर कुणाचंही नाव असो.

आणि मग ती आली. वनरक्षक. सव्वीस वर्षांची, माझ्याहून सतरा वर्षांनी लहान. खाकी गणवेश, लांब वेणी, पायात पुरुषी बूट. शाळेमागच्या दोन खोल्यांत ती राहायलाच आली. पहिल्या ग्रामसभेत ती उठून म्हणाली, "मला हा डोंगर नवीन आहे. मॅडम इथं सहा वर्षं आहेत, त्या मला शिकवतील." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं महिनाभरही टिकलं नाही.

तिनं काय केलं, तर बायकांना डोंगरावर नेलं. जनावरं सोडू नका, त्याऐवजी गवत कापून न्या, असा तिचा सौदा होता. सोबत पवना आणि मारवेल गवताचं बी आणलं होतं. ज्या बायका माझ्या शेतीशाळेला दहा निरोप पाठवल्यावर चारजणी यायच्या, त्या वीस-वीसजणी तिच्यामागं डोंगर चढायला लागल्या. वरच्या घळींत त्यांनी दगडांचे लहान लहान बांध रचले. त्या दुपारी उतरायच्या तेव्हा त्यांचं हसणं मला पंचायतीच्या ओट्यावर ऐकू यायचं. मी तिथं एकटी डबा खात असायचे. कुणी मला जेवायला बोलावत नव्हतं असं नाही. मला सव्वाचारची गाडी गाठायची असायची, म्हणून मीच नाही म्हणायचे. आणि सहा वर्षं नाही म्हटल्यावर माणसं विचारायचं सोडतात. ती मात्र आज या घरी, उद्या त्या घरी जेवायची. मला सगळे "मॅडम" म्हणत. तिला "ताई".

शाळेत दर डिसेंबरात मृदा दिनाला मी जायचे. भिंतीवर तक्ता लावायचा, मातीचे थर दाखवायचे, मुलांनी टाळ्या वाजवायच्या. त्या वर्षी मी तक्ता घेऊन गेले तर मुख्याध्यापक ओशाळले. "मॅडम, तुम्हाला दरवर्षी तरास होतो, म्हणून औंदा ताईलाच सांगितलं. पण या की, बसा." मी मागच्या बाकावर बसले. तिनं प्लास्टिकच्या दोन बाटल्या उभ्या चिरून आणल्या होत्या. एकीत नुसती माती, दुसरीत गवत उगवलेली माती. दोन्हींत तांब्यानं पाणी ओतलं. एका बाटलीच्या तोंडातून लालभडक गढूळ पाणी आलं, दुसरीतून जवळजवळ नितळ. मुलं बाकांवर चढली. पुन्हा करा, पुन्हा करा म्हणून ओरडायला लागली. मी गुंडाळलेला तक्ता मांडीवर घेऊन बसले होते आणि मनात म्हणत होते, हा प्रयोग मला माहीत होता. प्रशिक्षणात दाखवला होता. मीही करू शकले असते.

मी केला नव्हता, हे खरं होतं. तेच जास्त टोचत होतं.

फेब्रुवारीत ती माझ्याकडं आली. दोन काठ्यांना पाण्याची नळी बांधलेलं, समपातळी काढायचं आमच्या खात्याचं एक साधं साधन पंचायतीच्या कोपऱ्यात पडून होतं. "मॅडम, चार दिवस देता का? वर चर आखायचेत. आणि तुम्ही एकदा दाखवलंत तर..."

"ऑफिसची वस्तू आहे," मी म्हणाले. "दुसऱ्या खात्याला देता येत नाही."

तिनं मान हलवली आणि गेली. आठवड्यानं बघितलं तर तीन बांबू बांधून, मधे दोरीला दगड लटकवून तिनं स्वतःचं साधन केलं होतं आणि त्यानं बायका चर आखत होत्या. आमची नळी कोपऱ्यातच होती. तिच्यावरची धूळ मी त्या दिवशी पहिल्यांदा पुसली.

घरी मी काही बोलले नव्हते असं मला वाटत होतं. पण एका रविवारी चहा पिताना नवरा म्हणाला, "ती वनखात्याची पोरगी तुला काय करते गं? सकाळपासून तिसऱ्यांदा तिचा विषय काढलास."

"काही करत नाही," मी म्हणाले. "हेच तर. काही वाईट करत असती तर बरं झालं असतं."

त्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या मध्याला, चाचा माझ्याकडं अर्ज घेऊन आले. चाचांचं शेत वनहद्दीला अगदी लागून, उतारावरचं पहिलं. तीन एकर. त्यातल्या वरच्या तुकड्यात त्यांनी अद्रक लावलं होतं. साठीचे, बारीक अंगाचे, पांढरी दाढी. उतारावर सगळ्यांत आधी आडवी पेरणी करणारे तेच होते; बाकीचे हसत असताना त्यांनी माझं ऐकलं होतं. म्हणून त्यांचं मला विशेष होतं.

"मॅडम, वावराच्या वरच्या अंगाला नाली पडली," ते म्हणाले. "पयले हातभर होती, आता कमरेइतकी झाली. हर पानी के साथ वर सरकते. अद्रकच्या वाफ्याला भिडंल."

"कधीपासून आहे?"

"पंधरा दिवस. मी बेटीला दाखवली. ती म्हनली, चाचा, ही आमच्या हद्दीच्या खाली हाये, कृषीकडं जा. मॅडम लगेच करतील."

मला दोनच शब्द ऐकू आले. बेटीला दाखवली. सहा वर्षं ज्यांच्या बांधावर मी उभी राहिले, त्यांनी आपली घळ आधी तिला दाखवली होती, आणि तिनं परवानगी दिल्यासारखं त्यांना माझ्याकडं धाडलं होतं.

मी जागेवर जायला हवं होतं. पंचायतीपासून वीस मिनिटांची चढण. आणि खरं सांगायचं तर जायचीही गरज नव्हती. हद्दीचा तो दगड मला पाठ होता. सर्वे करताना कितीदा त्याला टेकून मी पाणी प्यायले होते. चाचांनी जी जागा सांगितली ती दगडाच्या चांगली पंधरा पावलं खाली होती. म्हणजे आमच्या बाजूला. म्हणजे माझं काम.

तिथंच बसून मी अर्जामागं अहवाल लिहिला. "सदर घळीचा उगम वनहद्दीत असल्याने पुढील कार्यवाहीसाठी अर्ज वनविभागाकडे वर्ग करावा." सही केली, शिक्का मारला.

"झालं?" चाचांनी विचारलं.

"पाठवते," मी म्हणाले.

ते दुवा देत गेले.

माझ्या अहवालावर तालुक्याच्या साहेबांनी पत्र काढलं. ते वनखात्याच्या ऑफिसात गेलं. तिथून, हद्द तपासून कळवा, असं परत आलं. या सगळ्याला तीन आठवडे लागले, आणि खरं म्हणजे ते फार नव्हते. त्या तीन आठवड्यांत मी रोज गावात गेले आणि एकदाही डोंगराकडच्या रस्त्याला वळले नाही. एकदा ती समोरून आली. "मॅडम, चाचांच्या घळीचं—" तिनं सुरुवात केली.

"पत्र गेलंय तुमच्या ऑफिसला," मी म्हणाले आणि स्कूटी सुरू केली.

सप्टेंबरात दोन दिवस सलग पाऊस लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंचांचा फोन आला. "मॅडम, चाचांचं वावर तुटलं. या तुम्ही." एसटीची वाट न बघता नवऱ्यानं मला मोटारसायकलवर आणलं.

घळ आता माणूसभर खोल होती आणि तिचं तोंड अद्रकाच्या वाफ्यांत शिरलं होतं. कडेची माती ढेकळाढेकळानं आत पडत होती. कोवळी हिरवी पानं, खाली अद्रकाचे पिवळट गड्डे, सगळं लाल पाण्याबरोबर ओढ्याकडं चाललेलं. चाचा बांधावर उभे होते. ते रडत नव्हते, ओरडतही नव्हते. फक्त बघत होते, जसं कुणी एसटीत बसून निघालेल्या माणसाकडं बघतं.

आणि ती तिथं होती. गुडघाभर चिखलात, वेणी कमरेला खोचलेली. सोबत आठ-दहा बायका. खताच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून त्या घळीच्या वर आडव्या लावत होत्या, म्हणजे वरून येणारं पाणी बाजूच्या गवतात वळेल. जागा तिच्या हद्दीत नव्हती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं मला बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, हद्दीचं नंतर बघू. आधी पाणी वळवू. त्या टोकाला गोणी धरा."

मी गोणी धरली. अकरा वाजेपर्यंत आम्ही गोण्या लावत होतो. मनात खरं काय चाललं होतं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय ही हकिकत सांगण्यात अर्थ नाही. मला चाचांचं वाईट वाटत होतं, माझी लाज वाटत होती, आणि या सगळ्याच्या वर, तेलासारखं तरंगत, एकच होतं: इथंही हीच आधी पोचली.

पाणी वळलं. पण वरचे अर्धे वाफे गेले होते.

चार दिवसांनी संयुक्त पाहणी ठरली. आमचे तालुक्याचे साहेब आले, त्यांच्याकडचे वनपाल आले, नकाशा, टेप, सरपंच, चाचा. टेप धरायला ती एका टोकाला, मी दुसऱ्या. दगडापासून घळीच्या तोंडापर्यंत माप घेतलं. घळ वर सरकत सरकत आलेली असूनही तिचं तोंड दगडाच्या नऊ मीटर खाली होतं. नकाशात काही शंका उरली नाही.

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "तुमच्या अहवालात उगम वनहद्दीत लिहिलाय."

मी काही म्हणायच्या आत ती बोलली. "साहेब, दगड जागचा हलला असेल. मॅडमनी पाहिला तेव्हा खाली असेल."

दगड कमरेइतका पुरलेला होता. तो हलला नव्हता, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, वनपालांनाही दिसत होतं. ती माझ्यासाठी खोटं बोलत होती, स्वतःच्या वरिष्ठासमोर. मला त्या क्षणी तिच्याबद्दल कृतज्ञता वाटायला हवी होती. मला वाटलं ते असं: आता मोठेपणाही हिच्याकडंच.

"दगड हलला नाही साहेब," मी म्हणाले. "मी जागेवर न येता अहवाल लिहिला होता."

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. सेवापुस्तकात नोंद झाली. ते योग्यच होतं. पण साहेबांना मी सांगितलं तेही अर्धंच होतं. न बघता लिहिलं, एवढंच. माहीत असून लिहिलं, हे नव्हतं सांगितलं.

ते मी चाचांना सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेले, पहिल्यांदाच. चाची चहा घेऊन आल्या. मी कप हातात धरून म्हणाले, "चाचा, ती जागा आमच्यात येते हे मला ठाऊक होतं. तुम्ही आधी तिच्याकडं गेलात, म्हणून मला राग आला होता."

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "तिच्याकडं गेलो, कारन ती गावात असती," ते म्हणाले. "सांजच्याला तुमी औरंगाबादला. बस, एवढंच होतं."

"हो."

"सांगितलं ते बरं केलं. दिलात काय ठेवनार नाय मी." मग म्हणाले, "पन मॅडम, गेलेली माती काय माफीनं वापस येत नाय. घळ बंद करा."

चाची आतून म्हणाल्या, "चहा थंडा होतोय त्यांचा."

घळीवरच्या उपचाराचा प्रस्ताव मी स्वतः तालुक्याला नेला आणि रोज जाऊन टेबलासमोर उभी राहिले. दिवाळीनंतर काम सुरू झालं. घळीत खालून वर पाच ठिकाणी अनघड दगडी बांध. आराखडा माझ्याकडं होता, पण दगड कसा बसवायचा ते मला फक्त आराखड्यातून माहीत होतं. पहिला बांध मजुरांनी रचला आणि तो मला कुठंतरी चुकलेला वाटला. कुठं, ते कळेना. दुपारी मी शाळेमागच्या दोन खोल्यांकडं गेले. ती कपडे वाळत घालत होती.

"येतेस का जरा?" मी म्हणाले. तिला मी पहिल्यांदाच "येतेस का" म्हणत होते. तोपर्यंत "तुम्ही", तेही थंड.

तिनं बांध बघितला. "मधे उंच झालाय मॅडम. मधोमध खोलगट पाहिजे, नाहीतर पाणी कडेनं फिरून काठ खाईल. आणि मोठे दगड पाणी पडतं त्या बाजूला." ती खाली उतरून दगड फिरवायला लागली. हातात एक सफाई होती. "माझे वडील विहिरी बांधायचे," ती म्हणाली, "मी लहानपणी दगड निवडून द्यायचे, चुकीचा दिला की ते नुसतं हं करायचे." मी तिच्या शेजारी उकिडवी बसले आणि दगड देऊ लागले. तीन-चार दगडांनंतर तिनं एक दगड परत केला आणि तोंडानं "हं" केलं. आम्ही दोघी हसलो.

त्या हिवाळ्यात मी तिला समपातळी काढायची नळी कशी वापरायची ते दाखवलं. ती दोन तासांत शिकली. मला दोन दिवस लागले होते. ते मला खटकलं, आणि मी ते तिला सांगून टाकलं. "फार भराभर शिकतेस, बरं नाही वाटत." तिला ते चेष्टेचं वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात बांधांमागं माती अडली. पहिल्या वर्षी पोटरीइतकी, मग गुडघाभर. चाचांनी त्या तुकड्यात पुन्हा अद्रक लावलं नाही. मका पेरला, तोही विरळ उगवला, कारण वरची चांगली माती गेलीच होती. त्यांना भरपाई म्हणून जे मिळालं ते मिळालं. त्याबद्दल ते माझ्याकडं कधी बोलले नाहीत. रस्त्यात भेटले की "मॅडम" म्हणतात. बेटी म्हणत नाहीत. मीही त्याची वाट बघत नाही.

तिची बदली अजिंठ्याकडं झाली. निरोपाला शाळेचं मैदान भरलं. बायकांनी तिला साडी नेसवली, खणानारळानं ओटी भरली, आणि दोन-तीनजणी डोळ्यांना पदर लावून बसल्या. माझी बदली होईल तेव्हा इथं कोण रडेल, हा विचार मला आला, मी तो घालवला नाही. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हणाले की माझ्या चुकीनं बिघडलेलं काम हिनं माझ्याआधी येऊन सावरलं. कोणती चूक ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि ते मला बरं वाटलं.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. मी पोळ्या लाटत होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "मॅडम, इथले कृषीवाले सर लई चांगले आहेत. फोन केला की हद्दीवर हजर. आम्ही दोघं मिळून सगळा डोंगर चालून आलो."

मला त्या न पाहिलेल्या माणसाचा असा राग आला की तव्यावरची पोळी करपली.

"काय काय केलं तुम्ही?" मी विचारलं.

ती सांगायला लागली. मी गॅस बंद केला, हात पुसले आणि खुर्ची ओढून बसले.